छत नसलेली घरं काढणारे काका

आमचा मस्कतच्या रुवीतला संसार टिकला, पोरगी इथेच दहावी झाली आणि मी आज हे लिहायला बसले आहे, ते वरच्या मजल्यावरच्या काकांमुळे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर गोष्ट सांगता सांगता मी घाबरते, मध्येच तिसरंच काहीतरी बोलायला लागते, आणि ज्यांचे आभार मानायचे ते बाजूलाच राहतात. माझी ती खोड आहे.

त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. तेच म्हणायचे, "ताई, ज्या बायकांच्या जिवावर मी जगून राहिलो, त्यांची खरी नावं आज कोणालेच माहीत नाहीत. कोणी बापाच्या हुद्द्यावरून ओळखली जाते, कोणी नवऱ्याच्या. मग माझं नाव घेऊन काय करता? 'वरच्या मजल्यावरचा' म्हणा. दरबारी रीत आहे."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातला त्यांचा जेवणाचा डबा पडायचा राहिला. बायकांच्या जिवावर? एकटा राहणारा साठीचा माणूस, आणि असं दारात उभं राहून सांगतो? घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "त्या वरच्या काकांचा डबा बंद करू या का?" हे म्हणाले, "अगं, जपानी बायका. त्याही मेलेल्या. हजार वर्षं झाली."

काका मूळचे नागपूरचे. कारखान्यांच्या पाइपांचे नकाशे काढण्याचं काम, एका कन्सल्टन्सीच्या ऑफिसात. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना उभा राहत होता तेव्हा ते तिथे होते, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारे जपानी इंजिनियर होते. काम संपवून ते गृहस्थ आपल्या देशी गेले, तेव्हा सामानाचं वजन जास्त झालं म्हणून दोन जाड पुस्तकं काकांच्या टेबलावर ठेवून गेले. एकात जुन्या चित्रांचे फोटो, दुसऱ्यात जपानी दरबारातल्या बायकांनी लिहिलेल्या गोष्टी आणि रोजनिश्या, इंग्रजीत. काका म्हणायचे, "त्याचं वजन कमी झालं अन् माझं वाढलं."

मला ते हे सगळं डबा घेता घेता सांगत. मी दारात उभी, खाली कुकर लावलेला, जीव शिट्टीकडे. तरी ऐकत असे.

"त्या काळी तिथले पुरुष चिनी भाषेत लिहीत. मोठ्या लोकांची भाषा ना! बायकांनं ती शिकू नये अशी पद्धत. मग ह्या बायकांनं काय केलं? घरात बोलतात त्या बोलीत लिहून काढलं. कोण कोणावर रुसलं, कोणाच्या बाहीचा रंग चुकला, पहाटे धुकं कसं होतं. आता मला सांगा, त्या पुरुषांचं लिहिलेलं आज कोण वाचून राहिलं? अन् बायकांच्या लिहिण्यावर हजार वर्षं चित्रं निघून राहिली. पडदे, पंखे, लाखेचे डबे, त्यांचे ते झगे. मिठायांनासुद्धा त्यातली नावं देतात म्हणे!"

माझी पोरगी तेव्हा आठवीत. ती मोबाइलवर जपानी कार्टून बघायची. ती म्हणाली, "अंकल, माझे पण सगळे कॅरॅक्टर्स जपानीच आहेत."

"मंग! तुझी ही मोठ्ठ्या डोळ्यांची पोरं त्यांचीच नातवंडं."

"पण तुमच्या बुकमधल्या लेडीजचे आईज तर फक्त एक लाइन आहेत."

"हो ना. डोळे मागून उघडले," काका म्हणाले. पोरगी दिवसभर हसत होती.

मी आठवीपर्यंतच शिकले. आमचं गाव श्रीवर्धनच्या बाजूला, हायस्कूल खाडीपलीकडे. पावसाळ्यात होडी बंद असायची, आणि वडिलांनी एका पावसाळ्यात बंद झालेली शाळा पुन्हा सुरूच केली नाही. मस्कतला आले तेव्हा मला लिफ्टचं बटण दाबायची भीती वाटायची. पोरीच्या शाळेत पालकसभेला गेले की मी मागच्या बाकावर बसून मान हलवत असे. टीचर काय म्हणाली ते घरी आल्यावर पोरगीच सांगणार, आणि ती सोयीचं तेवढंच सांगणार. तर मला एवढंच हवं होतं, की हिची शाळा मध्येच तुटू नये. बाकी काही नाही. ते एकच मागणं होतं आणि त्याचीच सारखी धास्ती होती.

आता काकांच्या तऱ्हा सांगते.

त्यांचा डबा कधी रिकामा परत आला नाही. आत घडी घातलेला कागद असे, आणि कागद कुठल्या तरी डहाळीला दोऱ्याने बांधलेला. पार्किंगमधल्या बोगनवेलीची, रस्त्याकडेच्या कडुनिंबाची, कधी बोरीची काटेरी. त्या दरबारात म्हणे चिठ्ठी अशीच पाठवत, आणि कागद कुठला, रंग कुठला, डहाळी कुठली, यावरून माणसाची परीक्षा होई. चिठ्ठीत असायचं काय? "आजच्या आमटीत आमसूल जरा दुःखी होतं." "भाकरी पाहून बाही ओली झाली." मुगाच्या खिचडीला पिवळट कागद, वाल घातले तर हिरवा. आणि उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे, ही अट. उशिरा उत्तर देणं त्या दरबारात अडाणीपणाचं समजत.

मी पहिले काही दिवस उत्तरच दिलं नाही. मला लिहिता कुठे येत होतं? म्हणजे अक्षरं येत होती, पण लिहायचं काय? मग एके दिवशी त्यांनी नुसती वाळकी काटकी पाठवली, कागदच नाही. पोरगी म्हणाली, "मम्मा, अंकल रुसले. सो वीअर्ड!" तेव्हा मी घाबरून पोरीच्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, "काका, आज बोंबील चांगले मिळाले नाहीत म्हणून बटाटा केला आहे, राग मानू नये." कढीपत्त्याची काडी बांधून पाठवलं. दुसऱ्या दिवशी काका जिना उतरून खाली आले. "ताई! ह्याच्यात सगळं आहे. बाजार आहे, मासळी आहे, मनाची रुखरुख आहे. अन् वरतून कढीपत्ता! तुम्ही दरबारात असत्या तर तुमच्यावर लोक जळले असते."

मला कुणी लिहिण्याबद्दल असं म्हणेल हे कधी वाटलं नव्हतं. त्यानंतर मी रोज दोन ओळी लिहू लागले, आणि मग सुटलेच.

दुसरी तऱ्हा बाह्यांची. त्या बायका पडद्याआड बसायच्या, पुरुषांना दिसत नसत, पण पडद्याखालून बाह्यांची टोकं तेवढी मुद्दाम बाहेर सोडायच्या. एकावर एक रंगांचे थर. त्यावरून आतली कोण, तिला चव आहे की नाही, ते बाहेरच्यांनी ओळखायचं. काकांनी हे इतकं मनावर घेतलं, की मे महिन्याच्या मस्कतमध्ये ते दोन शर्ट घालून ऑफिसला जात. आतल्याची कड बोटभर बाहेर. पांढऱ्याखाली फिका जांभळा. करड्याखाली कैरीचा हिरवा. घामाने निथळत लिफ्टपाशी उभे राहायचे आणि हात पुढे करून विचारायचे, "आज कसं वाटते?" हे म्हणायचे, "काका, चक्कर येईल तुम्हाला." काका म्हणायचे, "चक्कर येऊ दे. पण रंग कसा वाटते?"

आणि रडणं. त्या गोष्टींतले मोठेमोठे सरदार चंद्र पाहून रडतात, पत्र वाचून रडतात, बाह्या पिळाव्या लागतात. न रडणारा माणूस म्हणजे रांगडा. काकांनी हेही घेतलं. एकदा आम्ही सगळे सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, लोबान घ्यायला गेलो होतो. एका दुकानाबाहेर काड्यांचा तिकाटण्यासारखा सांगाडा ठेवला होता. इथल्या बायका खाली धुपाटणं ठेवतात, वर हा सांगाडा, आणि त्यावर कपडे पसरून त्यांना धूप देतात. काकांनी विचारलं हे काय, दुकानदाराने सांगितलं, आणि काका तिथेच पायरीवर बसून रडायला लागले. म्हातारा दुकानदार पाण्याचा ग्लास घेऊन धावला. "क्या मुश्किल, सदीक?" सदीक म्हणजे इथल्या बोलीत दोस्त.

"मुश्किल नहीं, अर्बाब. खुशी," काका डोळे पुसत म्हणाले. इथे शेठला, मालकाला अर्बाब म्हणतात. "वो लोग भी ऐसाही करते थे. टोकरी के ऊपर. हज़ार साल पहले."

"कौन लोग?"

"जपान का औरत लोग."

दुकानदाराने ह्यांच्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "काका, आमच्याकडेही असंच असतं की. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीत ओवा, वावडिंग टाकायचं, वर टोपली पालथी घालायची आणि बाळाची दुपटी त्यावर पसरायची. माझ्या आईने हिची दुपटी अशीच धुरावली."

काका पायरीवरून उठलेच. "म्हणजे तिन्ही ठिकाणी तीच टोपली? अन् तुम्ही मला आत्ता सांगून राहिल्या?"

त्यानंतर महिनाभर त्यांचे शर्ट लोबान आणि ओवा अशा मिश्र धुराने सुवासिक झाले. लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की बाळंतिणीच्या खोलीत आल्यासारखं वाटे. तिसऱ्या मजल्यावरची केरळी नर्स मला हळूच विचारायची, "बिल्डिंग में किसका डिलिवरी हुआ?"

पण हे सगळं वरवरचं. काकांचा खरा जीव त्यांच्या गुंडाळीत होता.

ऑफिसात मोठ्या नकाशांसाठी कागदाचे लांब रोल येतात. त्यांचा उरलेला शेवट ते मागून आणायचे आणि एकाला एक चिकटवायचे. त्यावर नकाशाच्या बारीक पेनाने आणि रंगांनी ते आमची इमारत काढत होते. किती वर्षं, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. त्या जपानी चित्रांसारखीच, म्हणजे छत काढून. वरून, जरा तिरकं बघितल्यासारखं, आणि सगळी घरं उघडी. भिंती आहेत, पडदे आहेत, माणसं आहेत, छत तेवढं उडवलेलं. गोष्टीत आत काय चाललंय ते दाखवायचं तर छत मध्ये येतं, म्हणून त्या चित्रकारांनी ते काढूनच टाकलं. "मी जन्मभर प्लॅन काढले, ताई. प्लॅनमध्येही छत नसते. पण माणूसही नसते. ह्यांच्यात माणूस आहे."

चेहरे मात्र नाहीत. डोळ्याला एक रेघ, नाकाला एक आकडा. बहुतेक जण पाठमोरेच. "चेहरा चुगली करते," ते म्हणायचे. "पाठ बिचारी गप्प राहते अन् खरं सांगते."

आणि ढग. चित्रात मध्ये मध्ये सोनेरी ढगांचे पट्टे. हे मला आधी कळलं नाही. घरात ढग कसा? तेव्हा ते गंभीर झाले. "छत काढणं सोपं आहे. कोणीही काढते. ढग कुठे ठेवायचा ते समजलं पाहिजे. नवराबायको भांडून राहिले, तिथे ढग. कोणी एकटं रडून राहिलं, तिथे ढग. आपल्याला दिसलं म्हणून सगळ्यांना दाखवायचं असते काय?"

गुंडाळी ते टेबलावर ठेवत. उजवीकडून डावीकडे, हातभर उलगडायची, बघायची, मागची गुंडाळायची, पुढची उलगडायची. एकदम सगळी कधीच नाही. मी तिचा थोडासाच भाग बघितला होता. आमच्या मजल्यापर्यंत कधी पोचलेच नाही. कुकरची शिट्टी व्हायची आणि मी पळायची.

आता मुख्य गोष्ट.

मी घरातून डबे करत होते, आणि ते चोरून होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई मी, परवाना नाही, काही नाही. शिवाय आमच्या भाडेकरारात साफ लिहिलेलं होतं, की घरात धंद्याचा स्वयंपाक करायचा नाही. माझ्या स्वयंपाकघरात मोठ्या शेगड्या होत्या, भिंतीला लागून डब्यांच्या उतरंडी होत्या. दाराची बेल वाजली की मी त्यावर चादर टाकायची. त्यातच पलीकडच्या इमारतीतल्या एका कुटुंबाला याच कारणाने घर सोडायला लावलं, आणि आमच्या लिफ्टशेजारी त्याबद्दलची नोटीस लागली. हे म्हणाले, "असं आपलं झालं ना, तर दुसरं घर काही एवढ्या भाड्यात मिळायचं नाही. तू आणि पोरगी गावाला जा, मी कुठेतरी बेडस्पेसवर, नुसती एक खाट भाड्याने घेऊन राहीन." पोरगी तेव्हा दहावीत. परीक्षा तोंडावर. गावाला म्हणजे शाळा गेलीच. मी रात्रंदिवस एवढाच विचार करत होते.

नेमकं तेव्हाच इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी काकांची गुंडाळी कार्यक्रमात मांडायचं ठरवलं. वर्षाचा मोठा कार्यक्रम, भाड्याने घेतलेला हॉल. काकांनी अट घातली, की टेबलावर ठेवीन, मी स्वतः हातभर हातभर उलगडून दाखवीन, आणि पोरांना सोनेरी रंग कसा लावायचा ते शिकवीन. अध्यक्ष "हो हो" म्हणाले. काका बाह्यांच्या इस्त्रीत अडकले आणि उशिरा पोचले. तोवर अध्यक्षांनी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणून ती सगळी गुंडाळी हॉलच्या लांब भिंतीवर आडवी चिकटवून टाकली होती. निवडणुकीचा फ्लेक्स लावावा तशी.

काका दारात थांबले. "हे काय केलंत हो?"

"सर, असं कसं? टेबलावर कुणाला दिसणार? आता बघा, फुल व्ह्यू!"

"अहो, छत काढलं तेवढं पुरे नव्हतं काय?"

पण अध्यक्षांचं लक्ष नव्हतं. प्रमुख पाहुणे येत होते. आणि प्रमुख पाहुणे कोण? तर आमच्या इमारतीचा मालक. चित्र त्यांच्या इमारतीचं, म्हणून अध्यक्षांनी मोठ्या कल्पकतेने त्यांनाच बोलावलं होतं.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी आपली पोरीला घेऊन भिंतीच्या कडेने चित्र बघत चालले होते. नर्सचं घर, खाली मान घालून अभ्यास करणारी कुणाची तरी पोरं, पडद्याआड एक ढग. आणि मग पोरीने माझा हात ओढला. "मम्मा, धिस इज अस."

माझं स्वयंपाकघर होतं. मी पाठमोरी, ओढणी कमरेला खोचलेली, हातात झारा. तीन मोठ्या शेगड्या. डब्यांच्या उतरंडी, एकेक कडी रेखलेली. भाकऱ्यांची चवड, वाफ, खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी. इतकं सुंदर होतं, की मला क्षणभर माझा हेवा वाटला. आणि वर ढग नव्हता. एवढासासुद्धा नाही.

दाराशी टाळ्या झाल्या. मालक आले होते. पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला बांधलेला रंगीत मसार, सोबत अध्यक्ष. अध्यक्ष त्यांना भिंतीच्या डाव्या टोकाकडे नेत होते, पण मालक सरळ उजव्या टोकाला गेले आणि तिथून बघायला लागले. अरबी वाचणारा माणूस, त्याला उजवीकडूनच सुरुवात वाटणार. काकांचा चेहरा फुलला. "पाहा ताई, सगळ्या हॉलमध्ये बरोबर बाजूने आलेला पहिला माणूस!"

"काका," मी म्हटलं. "माझ्या शेगड्या."

"सुरेख आल्या ना? तीन महिने लागले."

"काका, ते मालक आहेत. आम्हाला काढतील. हिची दहावी आहे, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चित्राकडे. त्यांना खरंच सुचलं नव्हतं. नंतर मला म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघरात झाकण्यासारखं काय होतं? सगळ्या इमारतीत तेवढीच जागा मला बिनढगाची वाटली."

तिकडे मालक रमले होते. तळमजल्यावर त्यांनी स्वतःलाच ओळखलं, दारापाशी पाठमोरे उभे. मोठ्याने हसले. "ये मैं? पीछे से?" सगळे हसले. एकेक घर बघत ते पुढे सरकत होते. हातभर, आणखी हातभर.

काकांनी पोरांसाठी आणलेल्या सामानातून सोनेरी रंगाची वाटी आणि रुंद ब्रश उचलला. मला वाटलं एखादी शेगडी झाकतील. त्यांनी ब्रश पूर्ण बुडवला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. शेगड्या गेल्या. डबे गेले. भाकऱ्या, वाफ, कुंडी, सगळं. हात अजिबात थांबला नाही. मीही गेले. फक्त माझ्या झारा धरलेल्या हाताची बाही, तिची निळी कड, तेवढी ढगाच्या खालून बाहेर ठेवली.

"अहो सर! काय करताय काय? पाहुणे आलेत!" अध्यक्ष धावत आले.

"ढग राहिला होता," काका म्हणाले.

मालक येऊन उभे राहिले. रंग ओला होता, दिव्याखाली चमकत होता, एक ओघळ खाली येत होता. माझा हात पोरीच्या हातात होता. मालकांनी ढगाकडे बघितलं. मग त्या निळ्या कडेकडे. मग वळून हॉलमध्ये, आणि मी तिथेच उभी, निळाच कुर्ता.

"इधर क्या है?" त्यांनी विचारलं.

"इधर बादल है, अर्बाब," काका म्हणाले.

मालक म्हणाले, "बादल अच्छा है. माशाल्ला." आणि पुढच्या घराकडे गेले.

मी तिथेच खुर्चीवर बसले. पोरगी पाणी आणायला गेली ती रडतच परत आली. अध्यक्ष काकांना म्हणत होते, "सर, कशाला घालवलंत? फार सुंदर होतं तेवढंच." काका त्यांना म्हणाले, "अध्यक्ष, तुम्ही टेप कुठून आणली? फार मजबूत आहे. आता सोडवायला तुम्हीच या."

परत येताना जिन्यात मी त्यांचे पाय धरायला गेले, तर ते मागे सरले. त्यांच्याकडे हे चालत नसे. "जय भीम म्हणा अन् घरी जा."

मी विचारलं, "मालकांना कळलं असेल का हो?"

"ताई, तो माणूस दर महिन्याला ह्या जिन्यावरून चढून राहिला. तुमच्या फोडणीचा वास त्याला येत नसेल काय? वासावर ढग घालता येत नाही." मग म्हणाले, "नाकाने कळलेलं मनात ठेवता येते. सगळ्या लोकांसमोर डोळ्यानं दिसलं, की मग बोलावंच लागते. त्या दरबारात लोक हेच करत. पडद्यामागे कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक. पण पडदा आहे ना, मग विचारायचं नाही."

"पण तुमचं चित्र गेलं. काढता येईल का वरचा रंग?"

"नाही निघत. पण खाली आहे ना? असू द्या."

मालकांनी त्या गोष्टीचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. पोरीची परीक्षा झाली. शाळेच्या गेटबाहेर मी उन्हात उभी होते, आणि शेवटचा पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा तिचं दप्तर मी माझ्या खांद्यावर घेतलं. तिथून पुढे मी थोडं धैर्य केलं. चोरून करायचं नाही असं ठरवलं. आधी डबे कमी केले, मग बल्दियामध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, रीतसर विचारायला गेले. पोरगी सोबत होती, इंग्रजी तीच बोलली. मी यावेळी पुढच्या खुर्चीवर बसले होते.

काका मागच्या वर्षी निवृत्त होऊन नागपूरला गेले. जाताना त्यांचा हात थरथरायला लागला होता. नकाशाची बारीक रेघ आता ओढवत नाही, म्हणाले. विमानतळावर दोन शर्ट घालून आले होते, आणि आम्ही सगळे रडलो, ह्यांच्यासकट. काकांना फार समाधान वाटलं. फोनवर अजून विचारतात, "लिहून राहिल्या ना? बोलता तसंच लिहा. मोठ्या लोकांच्या भाषेच्या नादी लागू नका." म्हणून हे तसंच लिहिलं आहे. चुकलं असेल तर ते माझं, पण लिहायला लावलं त्यांनी.

माझ्या शेगड्या काढण्यात घालवलेल्या त्या तीन महिन्यांचं मी काय देणार त्यांना? विचार करकरून एकच सुचलं आहे. परवान्याचे कागद दिले आहेत, सीबकडे एक छोटा गाळा पाहून ठेवला आहे. इन्शाल्ला, तो होईल. झाला की काकांना तिकीट पाठवणार आहे. हात थरथरू दे, रेघ जाड येऊ दे, पोरगी कागद धरेल. भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून, त्यांच्यासमोर मी स्वयंपाक करीन, आणि ते बसतील आणि पुन्हा काढतील. काका, हे तुम्ही वाचाल तेव्हा हसाल, पण हा माझा शब्द आहे. तुमचं चित्र मी तुम्हाला परत देणार आहे.